नऊ नंबरची चकती

किल्ली शोधायला त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला, तर बोटांना आधी लागली ती चकती. लाकडाची, बिस्किटाएवढी, वरच्या भोकापाशी जराशी फुटलेली. त्याने ती बाहेरसुद्धा काढली नाही. तीस वर्षं कवळ्या बनवण्यात गेलेल्या माणसाला बघावं लागत नाही, त्याचा अंगठाच सगळं सांगतो. अंगठ्याने कड चाचपली, भोक चाचपलं, आकड्याची झिजलेली शेपटी चाचपली. नऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिन्यातल्या त्या अर्धवट उजेडात तो थांबला, आणि खालून सायकल खांद्यावर घेऊन चढणाऱ्या शेजाऱ्याला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटला. शेजारी म्हणाला, "काय काका, आलं का तुमचं रान?" तो म्हणाला, "आलं, आलं." शेजारी वर गेला. चकती खिशातच होती, आणि ती खिशात असायला नको होती. ती दोरीवर असायला हवी होती, नाहीतर डब्यात. तिसरी जागा तिला नव्हतीच.

दर रविवारी वस्तीतल्या चार इमारतींमधली पोरं-पोरी तो रानात घेऊन जायचा. सोळा ते वीस वयाची, लिफ्ट आणि फोनचा पडदा आणि कानातले बोळे यांच्या बाहेर न पडलेली. त्यांच्या आयांनी आणि बापांनी वैतागून "जा बाबा, कुठेतरी जा" म्हणून त्याच्या स्वाधीन केलेली. या उद्योगाला सगळे 'रविवारचं रान' म्हणत आणि त्याला कवळीकाका. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर. त्याला ते आवडायचं. रानात पोचलं की मोठ्या झाडापाशी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जमा व्हायचे, प्रत्येकाला आपापल्या नंबरची चकती मिळायची. मग एकटं बसायची वेळ. ज्याने त्याने आपली चकती झाडाला बांधलेल्या दोरीवरच्या लोखंडी आकड्यात अडकवायची, आपली ठरलेली जागा गाठायची आणि पाऊण तास तिथे गप्प बसायचं. शिट्टी झाली की परत यायचं, आपली चकती काढून डब्यात टाकायची. दोरी रिकामी झाली की सगळे आले. बस, एवढंच. सभागृहातल्या मीटिंगमध्ये एका बापाने विचारलं होतं, "गाडीत चढताना डोकी मोजता ना?" तेव्हा तो केवढा ताडकन उठला होता. डोकी मेंढरांची मोजतात, म्हणाला. ही माझी पोरं स्वतः जातात आणि स्वतः परत येतात, त्यांची दोरीच मला सांगते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या त्याने आठवडाभर पुरवून पुरवून वापरल्या, बायकोलाही दोनदा ऐकवल्या.

आणि आज साडेबाराच्या सुमाराला, सगळीकडे सामसूम झाल्यावर, तो एकटा दोरीपाशी उभा होता. नेहमी मदतीला येणाऱ्या शाळेतल्या बाई तापाने पडल्या होत्या. "मी एकटा पुरे," असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं. चौदा चकत्या वाऱ्याने हलत होत्या. त्यातली नऊ नंबरची वेडीवाकडी लटकत होती. भोकाची कड फुटलेली, आकड्याची शेपटी पुसट होऊन नऊचं शून्य व्हायला आलेलं. त्याला असलं काही बघवत नाही. दुकानातसुद्धा एखाद्या कवळीची कड इतकुशी उचललेली दिसली तर जेवण बाजूला ठेवून तो कानस घेतो, कारण ती कड कोणाच्या तरी हिरडीला दिवसभर टोचणार असते. पोरीच्या बोटात कूस जाईल, असं मनाशी म्हणत त्याने चकती आकड्यातून काढली, अंगठा फिरवला, आणि घरी नेऊन घासू, रंगवू, पुढच्या रविवारी नवी करून देऊ म्हणत खिशात टाकली. किती सहज. हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला, आणि त्या रिकाम्या हाताने त्याने घड्याळ पाहिलं. मग त्या उंच पोराची, लंबूची, किंकाळी ऐकू आली. गांधीलमाशी ओठाला चावली होती आणि तोंड बघता बघता सुजायला लागलं होतं. त्याने वेळेआधीच शिट्टी मारली. पोरं धावत आली, चकत्या डब्यात पडल्या, कोणी पाणी आण, कोणी रुमाल आण, चला, गाडीत बसा, लवकर. लंबूला दवाखान्यात दाखवून वस्तीत पोचेपर्यंत साडेतीन वाजले, पण निघताना त्याने वळून दोरीकडे पाहिलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. दोरी रिकामी होती.

नऊ नंबर म्हणजे नवी. तिचं नाव यादीत होतं, पण तिसऱ्याच रविवारी कोण कोणाला नावाने ओळखतं; पोरं तिला नवी म्हणायची आणि तीही ओ द्यायची. तिला कोणी मैत्रीण नव्हती. गाडीत 'ती कुठेय' असं विचारणारं कोणी नव्हतं. शांतता सहन होत नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शांत झालं की माझ्या डोक्यात फार आवाज होतो, काका. म्हणून त्याने तिला ओढ्यापलीकडची जागा दिली होती, जिथे पाणी खडकावरून पडतं आणि एकसारखा आवाज असतो. आणि आज सकाळी बोट वर करून, हसून तो म्हणाला होता, "तिथे तुला शिट्टी ऐकू येणार नाही. मी स्वतः येईन न्यायला. तोवर हलायचं नाही."

कदाचित ती आलीच असेल, त्याने जिन्यात उभ्या उभ्या स्वतःला सांगितलं. सगळ्यांना धावताना पाहिलं असेल, गडबडीत चकती शोधलीच नसेल, मागच्या सीटवर बसली असेल. मागच्या सीटवर कोण होतं? त्याने मागची सीट डोळ्यांसमोर आणून पाहिली. तिथे पाठपिशव्यांचा ढीग होता, एक हिरवी, एक फाटक्या बंदाची. ढिगाच्या बाजूला त्याने एक मुलगी बसवून पाहिली. क्षणभर ती बसलीसुद्धा, खिडकीकडे तोंड करून. मग त्याच्या खांद्याला अडकवलेली कापडी पिशवी थरथरायला लागली. फोन परत देताना त्याने ती पिशवी गाडीत नुसती पुढे फिरवली होती, ज्याने त्याने आपापला काढून घेतला होता. आता तळाशी एक राहिला होता. त्याने बाहेर काढला तेव्हा पडद्यावर दोन अक्षरं होती. आई. फोन हातात कापत राहिला, आणि तो त्याच्याकडे बघत राहिला, आणि मग फोन थांबला.

दार उघडलं ते बायकोने, त्याला किल्ली लावायची गरजच पडली नाही. "जिन्यात काय उभा राहिलायस? चहा टाकलाय." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "कोणाला लागलंय का?"

"एक मागे राहिली."

"कुठे मागे?"

"रानात."

ती तशीच वळली. आत जाऊन गॅस बंद केला, बॅटरी आणि एक शाल घेऊन आली, आणि त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "तिच्या घरी कळवलंस?" तो जिना उतरायला लागला होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडीचा ड्रायव्हर, ज्याला पोरं मामा म्हणतात, कोपऱ्यावरच गाडी धुवत होता. ऐकल्यावर त्याने पाण्याची बादली रस्त्यावरच सोडली. रानाच्या फाटकावरच्या चौकीत फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. रविवारी तीननंतर तिथे कोणी नसतं. रिकाम्या मिनीबसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला आणि गाडी सिग्नलमागून सिग्नल मागे टाकत निघाली. मामा आरशातून मागच्या रिकाम्या सीटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला. सगळे आले ना, म्हणून."

"दोरी रिकामी होती."

"दोरीला काय कळतंय, काका."

एका चौकात लग्नाला निघाल्यासारखी नटलेली माणसं रस्ता ओलांडत होती, सावकाश, हसत, एकमेकांचे फोटो काढत. त्याला त्यांचा भयंकर राग आला. तासभराचा रस्ता, सव्वा तासाचा. सहाला अंधार. ओढ्यात पाणी गुडघाभर, पण खडक शेवाळलेले. ती पोहू शकते का, हे फॉर्मवर लिहिलेलं असणार, आणि फॉर्म सभागृहाच्या कपाटात. त्याला पहिल्यांदा जाणवलं की तिच्याबद्दल आपल्याला काहीएक माहीत नाही. आईचा आवाज तेवढा माहीत होता. फॉर्म द्यायला आली होती तेव्हा म्हणाली होती, "घरात दार लावून बसते हो. कोणाशी बोलत नाही. तुम्ही म्हणालात ते ऐकते, मी पाहिलंय. तुमच्या भरवशावर पाठवते." भरवसा हा शब्द त्याला तेव्हा केवढा बरा वाटला होता.

पोरांच्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तो एक गोष्ट सांगायचा. त्याचे वडील जमीन मोजायचे. आठ वर्षांचा असताना ते त्याला एकदा कामावर घेऊन गेले, त्याच्या हातात लाल-पांढरे पट्टे ओढलेली, त्याच्या दुप्पट उंचीची काठी दिली, लांब गवतात एका खुंटीपाशी उभं केलं आणि म्हणाले, मी हात हलवेपर्यंत जागचा हलायचं नाही. आणि तो हलला नाही. दुपारभर. गवत, वारा, टोळ, आभाळ, आणि तो एकटा. त्या दिवशी मला रान कळलं, असं तो पोरांना सांगायचा, आणि पोरं ऐकायची, कारण गोष्ट चांगली होती. वडीलही ती नातेवाइकांत सांगायचे. काय पोरगा आहे, अहो, साहेबांबरोबर मला जीपमधून पुढच्या गावी जावं लागलं, परत येऊन बघतो तर पठ्ठ्या काठी धरून उभा. तोही हसायचा, सगळे पाठ थोपटायचे. पाठ थोपटून थोपटून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात आता कुठेही कड राहिली नव्हती. आणि आज गाडीत, खिशातल्या चकतीच्या फुटलेल्या भोकावर अंगठा फिरवता फिरवता, त्याला ती कड लागली. त्याने जीप जाताना पाहिली होती. धूळ उडवत, लहान होत गेलेली जीप. वडिलांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. आपण काठी धरून इथे आहोत हे ते विसरले आहेत, हे त्याला त्याच वेळी कळलं होतं. संध्याकाळी नाही, त्याच वेळी. त्याची चड्डी ओली झाली होती. आणि तो हलला नव्हता तो काही शूर होता म्हणून नाही. हललो तर यांना परत सापडणार नाही, या भीतीने नाही हलला. वडील अंधार पडायच्या जरा आधी आले, त्याच्या ओल्या चड्डीकडे बघितलं, नजर काढून घेतली आणि म्हणाले, "वा रे पठ्ठ्या." त्यानंतर एकतीस वर्षं ते जगले. विसरलो होतो रे, हे तीन शब्द म्हणायला एकतीस वर्षं पुरली नाहीत त्यांना. आणि याने काय केलं? त्या गोष्टीचं रान केलं.

फोन पुन्हा थरथरला. आई. मामाने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने उचलला, आणि बोलायला तोंड उघडेपर्यंत त्याला खरंच वाटत होतं की आपण खरं सांगणार आहोत.

"मी काका बोलतोय. गाडीला जरा उशीर होतोय."

"हां, हां. मला वाटलंच. मघाशी उचलला नाही. आहे ना ती जवळ?"

"आहे. झोपलीय. उठवत नाही."

"असू दे, असू दे, झोपू दे," तिकडून आवाज आला, हसऱ्या सुटकेचा. "दमली असेल. रानात गेलं की झोप तरी लागते तिला." आणि फोन बंद झाला. मामाने गाडीचा वेग वाढवला. तो फोन मांडीवर पालथा ठेवून बसला. किती झटकन सुचलं, झोपलीय म्हणे. कोणी शिकवलं होतं? कोणी शिकवायला लागत नाही, घरचंच असतं ते. आता ती तिथे नसली तर. ओढ्यात घसरली असली तर, रस्त्याला लागून कोणाच्या गाडीत बसली असली तर, या आईच्या कानात जन्मभर हेच राहणार की ती झोपलीय, असं एक माणूस म्हणाला होता.

पाचला फाटक आलं. मामा म्हणाला, मी इथून हॉर्न वाजवत राहतो, ती रस्त्याकडे येत असेल तर ऐकेल. तो शाल आणि बॅटरी घेऊन पायवाटेने धावला. धावला म्हणजे काय, पंचावन्नाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. मोठ्या झाडापाशी दोरी वाऱ्याने हलत होती, रिकामे आकडे एकमेकांवर वाजत होते. झाडाखाली कोणी नव्हतं. मातीत सगळ्यांच्या बुटांचे ठसे एकात एक मिसळलेले होते. तो ओरडला, आणि ओरडायला तोंड उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की कोणत्या नावाने ओरडायचं हे त्याला माहीत नाही. "नवी," असं तो ओरडला, दोनदा, तीनदा, आणि ते ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली. उतारावर त्याचा पाय घसरला, तो बसकन आपटला, उठला. पाण्याचा आवाज वाढत गेला, हॉर्न ऐकू येईनासा झाला. तो ओढ्यात उतरला, बूट भरले, खडकाला धरून धरून पलीकडे गेला, आणि झुडूप बाजूला करून पाहिलं तर ती बसलेली होती. त्याच दगडावर. गुडघे पोटाशी घेतलेले, बाह्या ओढून हात आत लपवलेले, तोंड पांढरं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. उठली नाही. आणि त्याच्या आत, घशाच्या अगदी तोंडाशी, ते शब्द तयार होऊन आले. वा गं पठ्ठे. काय धीराची पोर आहेस. ते इतके सोपे होते. ते म्हटले असते तर ती हसली असती, सगळं गोड झालं असतं, आणि पुढच्या तुकडीला सांगायला एक आणखी चांगली गोष्ट झाली असती.

"हललीसुद्धा नाहीस," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"हलले होते," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "दोन वाजता मोठ्या झाडापाशी जाऊन आले. कोणीच नव्हतं. गाडीपण नव्हती. दोरीवर माझी चकती नव्हती."

त्याने खिशातून चकती काढली. "ही माझ्याकडे राहिली. दुरुस्त करायला म्हणून काढली आणि." तो थांबला. चकतीचं काय सांगतोय मी हिला. "मी विसरलो तुला."

"ते कळलं मला."

"कधी?"

"तेव्हाच. झाडापाशी."

"मग परत इथे का आलीस? रस्त्यावर जायचं होतंस. चौकीवर जायचं होतंस."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढं मोठं माणूस हे विचारतं कसं. "तुम्ही इथे येतो म्हणाला होतात," ती म्हणाली. "दुसरीकडे गेले असते तर सापडले नसते तुम्हाला."

तो ओल्या दगडावर बसला.  सत्तेचाळीस वर्षं हे वाक्य त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही, आणि ते या पोरीच्या तोंडून, थंडीने कापत, असं आलं. त्याला रडू आलं ते त्याने दाबलं नाही. तिने ते बघितलं, आणि तिला ते आवडलं नाही; तिने तोंड फिरवलं. बरोबर होतं तिचं. तिने का म्हणून त्याची समजूत काढायची. त्याने डोळे पुसले आणि शाल तिच्या अंगावर टाकली, तिने ती घट्ट ओढून घेतली. तेवढ्यात त्याच्या खिशातला तिचा फोन थरथरला, त्याने तो बाहेर काढला. तिने हात पुढे केला, मग नाव बघून तिचा हात तसाच राहिला.

"आईला काय सांगितलंय?" तिने विचारलं.

"की तू गाडीत झोपलीयस."

 फोन थरथरत राहिला. तिच्यापुढे आता दोनच वाटा होत्या, त्याचं खोटं आपल्या तोंडाने पुढे न्यायचं किंवा त्याला उघडं पाडायचं, आणि या दोन्ही वाटा त्याने तिच्यापुढे टाकल्या होत्या. त्याने फोन स्वतःच्या कानाला लावला. पाण्याच्या आवाजामुळे त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

"मी काका. मघाशी मी खोटं बोललो. ती गाडीत नव्हती. मी तिला रानात विसरून आलो होतो. आता माझ्यासमोर आहे, तिला काही लागलेलं नाही, पण मी विसरलो होतो तिला."  त्याला वाटलं फोन कटला. मग आवाज आला, अगदी हळू. "किती वेळ?"

"पाच तास," तो म्हणाला.

"सव्वापाच," ती मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाली.

"सव्वापाच," तो फोनमध्ये म्हणाला.

"तिला द्या."

त्याने फोन तिच्या हातात दिला. "आई," ती म्हणाली आणि पुढचं काही तिला बोलता येईना. इतका वेळ दगडासारखी बसलेली ती पोर तोंड वेडंवाकडं करून हमसाहमशी रडायला लागली. तो उठला. तिथे उभं राहायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं, आणि निघून जायचा तर त्याहून नाही. तो ओढ्याच्या काठापर्यंत मागे गेला, तिला दिसेल इतक्या अंतरावर. उजेड उतरत चालला होता. ओल्या बुटांतून गारठा वर चढत होता, लांबवर कुठेतरी मामाचा हॉर्न असणार. ती बोलत होती, रडत होती, मधेच रागाने काहीतरी म्हणत होती, एकदा बोट करून त्याच्याकडे दाखवत होती. चकती त्याच्या मुठीत होती, भोकाची फुटलेली कड तळव्याला टोचत होती. ती हात हलवून बोलावेपर्यंत तो जागचा हलला नाही.